पाहुण्यांची बाजू

मैदान आधी नव्हतंच. डॅन्यूबच्या काठाला
लव्हाळ्यांची दलदल, बेडूक, गंजलेले नांगर.
युद्ध संपलं आणि दर रविवारी
अख्ख्या बंदराने फावडी धरली,
'स्वखुशीने', असं हजेरीपटावर छापलेलं होतं.
बाबाची सही एकाच दिवशी तीनदा आहे,
दोन मित्र झोपून राहिले होते.

नाव पडलं 'विजय', मग 'प्रगती',
मग एका सिमेंट कंपनीचं.
आम्ही म्हणायचो नुसतं 'खाली'.
कुठे निघालीस? खाली.

आंगेल दुमित्राके, गुणफलकवाला, माझा बाप.
तेलाच्या पिंपांचा पत्रा कापून त्याने आकडे केले,
एक संच यजमानांचा, एक पाहुण्यांचा.
नऊ केलेच नाहीत.
सहा उलटा टांगला की झाला नऊ,
पत्रा कशाला नासायचा?
भोकं तेवढी दोन्ही टोकांना पाडली.

फुटबॉल. हँडबॉल. एका उन्हाळ्यात कुस्त्या,
मातीऐवजी कारखान्याचा लाकडी भुसा.
मासळीच्या कारखान्यातली विओरिका गोळा फेकायची,
एकदा फीत संपली तरी गोळा पुढेच,
उरलेलं अंतर आईच्या शिवणाच्या टेपने मोजलं.
पंचांनी तो विक्रम धरला नाही.
आई मरेपर्यंत धरून होती.

ऑगस्टात पुठ्ठे.
तीन हजार मुलं मिळून एक चेहरा,
खाली मान घालून, शिट्टीवर पालटायचा.
माझ्या वाट्याला डाव्या कानाची पाळी.
मला शिंक आली, कान हलला.
मुख्याध्यापिकाबाई आठवडाभर जेवल्या नाहीत.

पुराच्या वर्षी खालचा मोहल्ला
गाद्या, शेळ्या, शिवणयंत्रं घेऊन स्टँडखाली आला.
पोशाखखोल्यांत बाळंतिणी,
पंचांच्या खोलीत पाव.
रोज सकाळी माणसं विचारायची, किती झालो?
बाबाने शिडी लावली.
पाहुण्यांच्या बाजूला सहा टांगला.
मग यजमानांचा सहा काढला,
उलटा केला, त्याच्याशेजारी लावला.
एकोणसत्तर घरं.
आपल्या बाजूला त्याने काहीच लावलं नाही,
शून्यसुद्धा.

त्या डिसेंबरात गोळ्या कुणी झाडल्या,
कुणीच नीट सांगत नाही.
फलकावर चार भोकं.
तिनाला एक, आठाला दोन,
चौथं लाकडात, अजून दिसायचं.

मग बाजार. पेनल्टीच्या ठिपक्यावर
नदीपलीकडून आलेली एक बाई थर्मास मांडायची,
गोलजाळीवर कोट वाळत.
गवत पायांखाली गेलं, मग एका वर्षी
कुणी न सांगता परत आलं.
थर्मासवालीच्या मुलाचं लग्न तिथेच झालं, मध्यरेषेवर.

गेल्या शरदात पाडायला यंत्रं आली.
नवं होणार म्हणे, छप्पर असलेलं,
आकडे दिव्यांचे, आपोआप बदलणारे.
मी कुंपणापाशी उभी होते. मुकादम पोरगा,
बावीसचा असेल, मातीतून एक पत्रा उचलून म्हणाला,
आजी, हा सहा की नऊ?
मी म्हटलं, कुठल्या बाजूचा, ते आधी बघ.
त्याला कळलं नाही. दिला मात्र.

स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलाय.
वरचं भोक झिजून मोठं झालंय,
खिडकी उघडी राहिली की पडतो,
कुणीतरी उचलून हाताला येईल तसा लावतं.
आज नऊ आहे.