खडी

रोज सकाळी प्रयोगशाळेत मी काँक्रीटचे ठोकळे फोडतो.
अठ्ठावीस दिवस पाण्यात निजवलेले,
पाठीवर तारीख लिहिलेले.
काटा चढत जातो, ठोकळा कण्हतो,
मी आकडा मांडतो, दुसरा घेतो.
हा माझा पगार.

शुक्रवारी फुकट फोडतो.

मलेहाच्या अलीकडे रस्त्यासाठी टेकडी कापलीय,
तिच्या पांढऱ्या पोटात चकमकीचे काळपट गोटे,
सीताफळातल्या बियांसारखे.
रकीबुद्दीन आधी कानाशी धरून वाजवतो.
खणखणला तर पोत्यात,
बद्द बोलला तर दरीत.

हा सिल्हेटचा. सहा हिवाळे उत्खननावर माती चाळली,
तिथला म्हातारा प्रोफेसर संध्याकाळी दगड घडवायचा,
ह्यानं चहा देता देता बघून घेतलं.

मांडीवर जुन्या सोफ्याचं चामडं,
डोळ्यांवर साइटवरचा चष्मा,
उजव्या हातात वाटोळा गोटा.
"मध्ये नको, भाई. कडेला.
आणि मारून थांबू नको, हात पुढे जाऊ दे."
मी मारतो. थांबतो.
कपची अर्ध्यात मोडते, पायरी उरते,
त्या पायरीवर पुढचा प्रत्येक घाव अडखळतो.
महिनाभर मी नुसती खडी केली.

खडी.
फलटणच्या खाणीवर अण्णांनी तीस वर्षं केली तीच.
सुतकी, पहार, नखांत पांढरी भुकटी,
रात्री खोकला.
पोरानं हातोडा धरू नये म्हणून डिप्लोमा.
डिप्लोमाच्या पुस्तकात खडीचे आकार होते,
चाळणीची मापं होती,
अण्णा नव्हते.

ते म्हणायचे, दगडाला शीर असते,
ती हुडकायची, मग तो आपणहून उघडतो.
मी हे रकीबला सांगितलं.
तो हसला. "ह्याला शीर नाही.
म्हणूनच तर जिकडे सांगशील तिकडे फुटतो.
तुला सांगता येत नाही, इतकंच."

टाकीचे घाव सोसले की दगडाचा देव होतो म्हणे.
इथे झालीच तर सुरी होते,
तीही टोमॅटोपुरती.

व्हिडिओ कॉलवर अण्णा:
"अंगठ्याला काय झालं?"
"डबा उघडताना लागलं."
ते बराच वेळ बघत राहिले. ऑक्सिजनची नळी सारखी केली.
"डावा अंगठा डब्यानं असा फाटत नाही.
धरतोयस तो हात मोकळा ठेव.
आणि ऊन पाठीशी घे."
फोन ठेवला. का, हे विचारलंच नाही.

पुढच्या शुक्रवारी ऊन पाठीशी घेतलं.
मारलं, आणि हात पुढे गेला.
आवाज निराळाच आला, काच नव्हे, घंटा नव्हे,
कुणीतरी जिभेनं टाळूला 'टक्' केल्यासारखा.
खालची बाजू, जी मारताना दिसत नाही,
ती तळहातात पडली:
लांब, पातळ, उन्हात कडेला मधाळ,
आत शिंपल्यासारख्या लाटा
मारलेल्या जागेपासून पसरत गेलेल्या.
रकीबनं तिच्यानं दंडावरचे केस तासून दाखवले
आणि बिडी पेटवली.

परतताना वाळूत एक गोटा दिसला,
ऊन खाऊन खाऊन तांबूस पडलेला.
त्याच्या अंगावर पायऱ्या. एकीवर एक, तीन.
कुणीतरी चिडून त्याच जागी मारत राहिलेलं.
मला ते मनगट ओळखू आलं.
"किती जुना?"
"खूप. शिकणाऱ्याचा आहे. लहान असेल."
मी उचलायला वाकलो.
"जुनं उचलायचं नाही."

आमच्या कपच्या मात्र तो खड्ड्यात पुरतो,
आणि तळाशी न चुकता पेप्सीचं बूच ठेवतो,
पुढे कुणी खणलं तर त्याची फसगत नको.
त्या दिवशी बूच मी ठेवलं.
वर माझी खडी लोटली,
चांगली कपची खिशात, रुमालात गुंडाळून.
गाडीत बसल्यावर तिनं रुमाल कापला होता.