सातवं रीळ

तू विचारतोस, भाच्या, थरारपट कशानं थरारतो.
तुझ्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत तीन गाड्या उडाल्या
आणि मी सुपारी कातरत राहिलो,
अडकित्ता एकदाही थांबला नाही.
तिथंच काहीतरी चुकलं बघ.

मी काही शिकलेला नाही. मी रिळं वाहिली.
जालन्यात पिक्चर एक, टॉकीजा दोन, प्रिंट एकच.
जुन्या जालन्यात सहाचा खेळ, नव्यात पाऊण तासानं,
मधी कुंडलिका, कुंडलिकेवर पूल,
पुलावर मी, आणि सायकलच्या कॅरिअरला
सुतळीनं आवळलेला पत्र्याचा डबा.
सलग पिक्चर मी कधी पाहिलाच नाही.
सुरुवात एका काठाला दिसायची, शेवट दुसऱ्या,
मधलं सगळं माझ्या पाठीमागं खडखडत यायचं.

त्या पिक्चरमधला वाईट माणूस ओरडत नसे.
दर खुनाआधी खाली बसून
बुटाची नाडी बांधायचा, सावकाश.
तिसऱ्या खेपेला तो नुसता वाकला
तरी थर्ड क्लासातल्या विड्या हातातच विझायच्या.
मारामारीचं म्हणशील, तर
नायकाचा डावा खांदा तिसऱ्याच रिळात निखळलेला.
पुढं नवव्यात तो त्याच हातानं शिडीला लोंबकळला
तेव्हा बाल्कनीतून दवाखान्यातल्या सरूबाई नर्स ओरडल्या,
"डावा नको रे, डावा नको!"
नुसते शंभर गुंड लोळवले असते
तर बाई भजी खात बसल्या असत्या.

सहावं रीळ कुठं संपायचं, सांगू?
बंद दार.
कडीवर बाईचा हात.
आतून पाणी ठिबकल्याचा आवाज.
पुढचं सातव्यात, आणि सातवं माझ्या कॅरिअरला.

त्या रात्री पुलावर सळयांचा ट्रक आडवा झालता.
एक्सल तुटलेलं, सळया कठड्याच्या पार गेलेल्या,
टोकांना बांधलेल्या लाल चिंध्या नदीवर हलत होत्या.
दोन्हीकडून भोंगे.
मी सायकल टाकली, डबा पोटाशी धरला
आणि सळयांखालून गुडघ्यांवर निघालो.
पाठ सोलली. शर्टात गंज.
"डब्यात काय रे?" ड्रायव्हर घुगे म्हणाला.
"दारामागचं," मी म्हणालो आणि पळालो.

सतरा मिनिटं उशीर.
वाटलं, खुर्च्या मोडल्या असतील,
काबराशेठ मागच्या दारानं सटकला असेल.
आत शिरलो तर अंधार, आणि सहाशे माणसं गप.
एक शिट्टी नाही.
एक लेकरू कुरकुरलं, त्याला आईनं दाबून धरलं.
सगळी कोऱ्या पडद्याकडं बघत बसलेली,
जणू कडी अजून तिथंच होती.

केबिनमधी हशमतचाचा कार्बनची कांडी बदलत होते.
घड्याळाकडं बघितलंसुद्धा नाही.
"लिंबा, पीछे क्या है उसकी फिकर नक्को.
कडी पे हात कित्ता देर रखना, वोइच काम है.
आज तेरे ट्रक ने रख्या."

आता खरं सांगतो, कुणाला सांगितलं नव्हतं.
आधीच्याच आठवड्यात, पुलावरच्या दिव्याखाली
डबा उघडून मी फिल्म उजेडात धरली होती.
दारामागं काही नव्हतं.
एक खाट. उलथी पडलेली चप्पल. ठिबकणारा नळ.
तरी दर खेळाला, सगळं माहीत असून,
पडद्याशेजारी उभं राहिलो की तळहाताला घाम यायचा.
चाचाला विचारलं. ते म्हणाले, मेरेकू भी.
मी पडद्याकडं नाही, माणसांकडं बघायचो,
त्याच्यामुळं असेल.
तुझ्या कॉलेजात ह्याला काही नाव असेल तर सांग.

दुसऱ्या दिवशी एक्सल आलंच नाही.
घुगे तिकीट काढून पुढच्या बाकड्यावर बसला,
हाताला ग्रीस तसंच.
सहावं रीळ सरत आलं,
कडीवर हात आला,
आणि हा बाबा पडदा सोडून मागं वळला,
अंधारात मला शोधायला लागला.

मी ओठावर बोट ठेवलं.