शिल्लक दगड

दरवाजा उतरवण्याआधी दगडादगडावर
पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकले ते मीच.
एक ते दोनशे चौदा.
हजेरीपटाखेरीज गडावर माझं काम एवढंच.

चुना दीड महिना भिजत होता.
घाणीभोवती बैल फिरायचा, आत पडायचं
बेलफळ, गूळ, उडदाचं पाणी,
माचीवर पाक चढवल्यासारखा वास.
कासदेकरांची झुनाय बोट बुडवायची,
नखावर चुना घासून म्हणायची, "अजून नाई."
साहेबांच्या हातात लॅबचा रिपोर्ट होता.
वाट मात्र ते त्या नखाची बघायचे.

"कमान आपून बांधत नाई बाप्पा,"
हणमंता धोत्रे सांगायचा,
"दोन्हीकून बलावतो तिले. मंधात भेटते."

डावीकडच्या शिळेवर शरभ. पंजाखालचे हत्ती
पावसांनी चाटून नेलेले, सोंडा तेवढ्या उरल्या.
जरा खोल कोरा की, म्हणाले एक पाहुणे.
हणमंतानं छिन्नी पोत्याखाली सरकवली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कळीचा दगड बसला.
पुढं महिन्याभरानं सेंट्रिंग सोडलं
तेव्हा सगळे मागे सरले.
झुनाय कमानीखाली उभी राहिली
आणि तिनं बिडी पेटवली.
कमान जवभर खाली आली.
थांबली.

संध्याकाळी मोजदाद.
सागाखाली एक दगड पडलेला. एकशे सदतीस.
वर पाहिलं. कमानीतही एकशे सदतीस आहे,
माझ्याच अक्षरात.
म्हणजे दोनदा लिहिला मी.
पण मग एका दगडाची जागा रिकामी हवी,
आणि दरवाजा तर गच्च भरलेला,
सुरीचं पातं जाणार नाही कुठं.

हणमंता कितीतरी वेळ हसला.
"सांध्यायनं खाल्ली जागा.
हरेक सांधा केसभर जाड झाला, बस.
दोनशे केस म्हंजे एक दगड."

त्या रात्री झोप नाही.
एक आख्खा दगड
सगळ्या दरवाज्यात चुना होऊन वाटला गेला होता,
आणि तो चुना झुनायच्या नखाखालून गेलेला.

रजिस्टरात रकाना होता : शिल्लक साहित्य.
मी लिहिलं, निरंक.

शेवटच्या ट्रॅक्टरनं दगड खाली आला.
परतवाड्याची गाडी येईस्तोवर
झुनाय आता त्यावर बसते.
एक आणि सात शाबूत आहेत.
तीन पुसत चाललाय, लुगड्यानं.