चोडणची फेरी

रायबंदरच्या धक्क्यावर सॅक उतरवते.
फेरीबोट अजून पलीकडे. मांडवी भरतीची, गढूळ.

आठ महिने कुणी विचारलं नाही, जेवलीस का.
त्बिलिसीत वरची खाट,
पोर्तोत मोजे हीटरवर,
आणि एका तळ्याकाठी तर
मी मराठीतून भांडले स्वतःशी, मोठ्यानं,
तेवढंच बोलणं त्या आठवड्यातलं.

फेरीत शेजारी तिसऱ्यांची पाटी घेतलेली बाई.
माझे बूट बघते, सॅकवरचा फाटका टॅग बघते,
हिंदीत विचारते, "पक्षी देखने आया?"

सांगता आलं असतं,
देवळामागचं तिसरं घर, शिरोडकरांचं.
मी म्हणते, हां.

मग तीच वाट सांगते:
उतरलं की उजवीकडे, खारफुटीतून,
चिखल असतो, सांभाळून.

घर डावीकडे.
बाई वळून बघतेय,
बरोबर जाते ना मी.