दम

कॅनोराच्या उत्तरेला ऑक्टोबर संपता संपता
दिवस हात आखडता घेतो.
तीन वाजलेत, आणि शेडच्या दारात
उजेड उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरलाय.

आत सत्तेचाळीस सालचा कॅटरपिलर,
पिवळा म्हणायचा तो आता आठवणीनं.
त्याच्या कुशीला चिकटलेलं
पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन, दोन सिलिंडरचं.
आधी हे पेटायचं.
याचं तापलेलं पाणी मोठ्याच्या अंगात फिरायचं,
याचा धूर मोठ्याच्या श्वासाची वाट ऊबवायचा,
मग हे सगळा जीव एकवटून त्या धुडाला फिरवायचं,
तेव्हा कुठे साहेब खाकरायचे.

मेट्रो चॉर्नोबी म्हणाला,
"खरं तर इंजिन गरम असताना मोजतात."
मी म्हटलं, सुरू होत असतं
तर मोजायला तुला बोलावलं असतं का?
तो हसला नाही.
मी त्याच्या डाव्या कानाशी बोलले होते.

दोन्ही प्लग काढले.
एकाचं टोक भाजक्या विटेच्या रंगाचं,
दुसऱ्याचं काळं, ओलं.
"थ्रॉटल पूर्ण उघड.
हवाच आत आली नाही
तर ते बिचारं दाबेल काय?"
गेज माझ्याकडे. चाकाला गुंडाळलेली दोरी त्याच्याकडे.

एक ओढ. दोन. चौथीला खोकला. सहा.
डावा: सत्तर पौंड.
काटा तिथं गेला आणि थांबला.
उजवा: पंचवीस.
पुन्हा सहा ओढी.
पंचवीस.

मेट्रोचा गेजवर विश्वास नाही.
गेज पौंड सांगतो म्हणे, दम नाही सांगत.
"अंगठा दे," म्हणाला.
त्याचा स्वतःचा, उजव्या हाताचा,
चौसष्टच्या कापणीत पट्ट्याखाली गेला, पेरापासून.

मी प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला.
डाव्यानं तो उडवला, फट्‌कन,
चेरीची बी थुंकावी तसा.
उजव्यानं नुसती ओलसर फुंकर सोडली,
झोपेत कुणी नाव घेऊ पाहावं
आणि कूस बदलावी, तेवढीच.

मग तेल. घरातून सुपाचा चमचा आणला.
"रिंगा झिजल्या असतील तर तेल फटी बुजवेल,
काटा चढेल. नाहीच चढला, तर व्हॉल्व्ह."
चमचाभर तेल उजव्यात ओतलं.
सहा ओढी. दोरी आता त्याच्या तळहातात रुतत होती,
मी मागितली, त्यानं दिली नाही.
अठ्ठावीस.
"व्हॉल्व्ह," मेट्रो म्हणाला. खाली बादलीवर बसला.
"अकरा वर्षं अर्धा उघडा राहिला ना,
मिटायचं विसरतो मग."
अकरा वर्षं म्हणजे
दानिलो कॅल्गरीला गेला त्या शरदापासून.
मी चमचा पुसत राहिले.

शनिवारी यॉर्कटनहून माणूस येणार आहे.
रंगाचं नाही विचारलं त्यानं, साखळीपट्ट्यांचं नाही,
फोनवर फक्त म्हणाला, कॉम्प्रेशन किती?
"साठ सांग," मेट्रो म्हणाला.
"दोन्हीकडे साठ. म्हण, गेज म्हातारा आहे."

दाराच्या आतल्या फळीवर
बाबांच्या सुतारी पेन्सिलीतले आकडे:
५३. ऐंशी, ऐंशी.
६१. ऐंशी, अठ्ठ्याहत्तर.
७४. बहात्तर, सत्तर. पुढे एकच शब्द, गारा.
आणि ८८ला आईचं तिरकं अक्षर.
आकडा नाहीच. नुसतं: सुरू झाला.

ती पेन्सिल अजून खिळ्याला लटकते,
नखाएवढी उरलीय.
मी तारीख घातली. सत्तर, पंचवीस.
लाकडावर शेजारी माझा अंगठा उमटला,
काळा, भोकाचं गोल वळ मधोमध घेऊन.
पुसायला गेले तर आणखी पसरला.
म्हटलं, असू दे. सही झाली.

मेट्रो उठला, चष्मा कपाळावरून खाली ओढला,
फळीवर नाक टेकेपर्यंत वाकून
सगळं वरपासून वाचत आला.
"तेलानंतर अठ्ठावीस," म्हणाला,
"तेही लिही."