दीड हातावर

दहा महिन्यांचा झाला खारक
आणि त्याच्या गळ्यात कुणीतरी गिरणी बसवली.
कालपर्यंत वेण्यांच्या ढिगाऱ्यावर
पोट वर करून झोपणारं पिल्लू,
आज त्याच्या तोंडातल्या चामड्याच्या तुकड्याला हात लावला
तर ओठ एका बाजूनं वर.
घर्रर्र.
सुभाषनगरच्या अख्ख्या बोळाला ऐकू गेलं.

रंग खारकेचा, म्हणून नाव खारक.
आता नुसते पाय वाढलेत,
एक कान उभा, एक पडलेला.
तंगडी वर करायला नुकता शिकला
आणि शिकला तो नेमका
कानवाल्या चपलांच्या तयार जोडांवर.

हेल्मेट दिसलं की भुंकतो.
गॅसची टाकी गडगडली की भुंकतो.
पापाच्या तिकटीचा दुकानदार माल न्यायला येतो,
दर पाडून बोलतो,
त्याच्यावर तर छातीतनं भुंकतो.
तेवढ्यापुरतं मी त्याला गप करत नाही.

शेजारचा सदोबा म्हणाला,
"वैनी, एक वादी हाना पाठीत. गप हुतंय."
वादी तर दिवसभर माझ्या हातातच असते.
उचलली.
त्यानं शेपूट पोटाखाली घेतलं, तरीही दात दिसतच होते.
कोण कुणाला भ्यालंय
मलाच कळेना.

जनावरांची डॉक्टरीण माझ्या पोरीच्या वयाची.
"मी आलो कुत्र्याला घेऊन," म्हटलं तर हसली,
पुण्याकडची असावी.
त्याला हात न लावता बराच वेळ नुसतं बघितलं तिनं.
"मावशी, गुरगुरणं ही नोटीस असते.
नोटीस फाडली म्हणून खटला मिटत नाही.
मारलंत तर गुरगुर थांबेल, भीती आत राहील.
मग हा न सांगता चावेल."

न सांगता.
रिक्षात बसून घरापर्यंत
हे दोनच शब्द घेऊन आलो.

बाबासो, माझा नवरा.
उलटं बोलला की त्याचा बाप
आरीच्या मुठीनं बडवायचा.
आवाज फुटायच्या वयात
आवाज गिळला त्यानं.
किती शांत माणूस, लोक म्हणायचे.
लग्नात माझी आईसुद्धा.
बावीस वर्षं 'व्हय'च्या पुढं शब्द नाही.
आणि एका मंगळवारी आमटीत मीठ कमी पडलं,
तर रापी येऊन भिंतीत रुतली,
माझ्या कानापासून दोन बोटांवर.
त्याआधी ना खेकसला, ना ताट सरकवलं.
नंतर तोच रडला.
भिंतीला खाच आहे अजून. वर कॅलेंडर लावलंय.

आता खारक गुरगुरला की मी थांबतो.
हात मागं, अंग तिरपं,
डोळ्यात बघायचं नाही.
दीड हातावर पाट टाकून बसतो,
सुक्या बोंबलाचं डोकं लांब टाकतो.
तो चामडं सोडून तिकडं जातो.
मी चामडं उचलतो, आणि कधी कधी
त्यालाच परत देतो,
हात काय नुसता हिसकावायलाच नसतो,
हे त्याला कळावं म्हणून.

रोज जमतं असं नाही.
काल अकरा जोड बाकी होते,
चिडून टोपलीच फेकली मी.
परवा त्यानं टाकीवाल्याची पँट उसवली,
ती मीच शिवून दिली, वर चहा.

रात्री बाबासो जेवायला बसला.
पाट सरकवताना खारकाच्या तुकड्याला धक्का लागला.
घर्रर्र.
बाबासोनं पाय मागं घेतला.
"सांगतंय बघ," म्हणाला.
मग बराच वेळ भाकरी चुरत राहिला.
खाली बघूनच,
घशात काहीतरी अडकल्यासारखं,
"आमटी खारट झालीया."

मी लगेच उठलो नाही.
त्याचा आवाज असा आहे होय, एवढंच मनात आलं.
खारकानं उभा कान आमच्याकडं वळवला,
मग बाहेरनं कुणीतरी हेल्मेटवाला गेला
आणि त्याचं त्याचं काम सुरू झालं.