भिंतीला खिळा नको

कंत्राटात पहिली अट एवढीच होती:
भिंतीला खिळा ठोकायचा नाही.
आफ्रिये मॅडम कुमासीहून आलेल्या,
बोटाने चुना चाचपत म्हणायच्या,
तीनशे वर्षांचा आहे, ओदार्ते, जपून.
मी बरं म्हटलं.
ज्यांनी या भिंतीत कड्या ठोकल्या
त्यांना कुणी अट घातली नसावी.

मग वायरी जमिनीवरून नेल्या,
पितळी पन्हळीत, निजलेल्या सापासारख्या.
इथे खाली आधी माणसं ठेवत, मग तोफांची दारू,
मग पुन्हा माणसं, तुरुंग म्हणून.
तो तुरुंग माझ्या आठवणीतला.
मामा आत होता.
मक्याच्या पानात बांधलेली केंकी घेऊन
आई या दाराशी उभी राहायची,
पहारेकरी ती आधी सुरीने चिरून बघायचा.
आता तिथे तिकीटखिडकी.
रंग पिवळा. बरा दिसतो.

कागदाला पन्नास लक्स, त्याहून जास्त नाही.
तेवढ्याच उजेडात गोऱ्यांची खतावणी ठेवलीय:
कापड, आरसे, बंदुका,
आणि समोरच्या रकान्यात डोकी, इतके नग.
अक्षर मात्र सुरेख.
मला ती भाषा येत नाही, मॅडमनी वाचून दाखवलं.

मंगळवारी आमच्याकडे समुद्रात कुणी जात नाही.
त्या दिवशी बुरुजावर जाळी वाळायची,
कधीपासून, कुणाला ठाऊक.
आता तिथे पाटी आहे.
म्हातारी कोर्ले पाटीखालीच जाळं पसरून बसली.
मॅडम गेल्या, बोलल्या, परत आल्या.
दुसऱ्या दिवशी पाटी दोन हात पलीकडे सरकली होती.

शेवटी कोठडी क्रमांक चार.
दिवा जमिनीवर तिरपा ठेवला, चाचणीपुरता,
तर सपाट वाटणाऱ्या भिंतीवर ओरखडे उठले:
पाच-पाचचे जुडगे, बरेच,
मग तीन, मग काही नाही.
शेजारी एक होडी
आणि होडीपेक्षा मोठा मासा.
मामा असाच मासा काढायचा.
सगळेच काढतात म्हणा.

नकाशात इथला उजेड तुळईवरून आहे.
वरून सोडला की भिंत पुन्हा कोरी.
मी दिवा तिरपाच राहू दिला,
नकाशावर पेन्सिलीने एक बाण काढला
आणि सही केली नाही.

संध्याकाळी दारूकोठारात पोरं ढोल बडवत होती,
उद्घाटनाची तालीम.
दर ठोक्याला छताचा चुना भुरभुरत
त्यांच्या केसांवर पडत होता.
मॅडमनी वर पाहिलं, मी मॅडमकडे.
कंत्राट काढून त्यांनी पुन्हा वाचलं, उभ्याउभ्याच.
ढोलाचं यात काही लिहिलेलं नाही, म्हणाल्या.